खुर्च्या कोणाच्या, ते आधी ठरवा

फेब्रुवारी १९८५. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात, डडली स्ट्रीटच्या वस्तीत सभा भरली होती. वस्तीची पार रया गेली होती. आगी लागून आणि पाडापाडी होऊन घरं नाहीशी झाली होती, तेराशेच्या आसपास भूखंड ओसाड पडले होते आणि बाहेरचे ट्रक त्यांवर राजरोस कचरा ओतून जात होते. या वस्तीला सावरायला एक धर्मादाय प्रतिष्ठान आणि बऱ्याच सेवाभावी संस्था एकत्र आल्या होत्या. हेतू चांगला होता, पैसा होता, तयारीही होती. नव्या आघाडीच्या कारभारी मंडळाची रचना त्यांनी सभेपुढे ठेवली. एकूण जागा २३. रहिवाशांसाठी त्यांतल्या ४.

लोकांनी ऐकून घेतलं आणि मग उठून विचारायला सुरुवात केली: तुमच्यापैकी इथे राहतं कोण? सभा तापली, रचना तिथेच बारगळली. मात्र आयोजक रुसून निघून गेले नाहीत, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. रहिवाशांना बरोबर घेऊन त्यांनी मंडळाची मांडणी नव्याने केली. आता बहुमत रहिवाशांचं होतं. वस्तीत कृष्णवर्णीय, केप व्हर्डहून आलेले, लॅटिनो आणि गोरे असे चार समाज राहत. संख्या कमी-जास्त असली तरी चौघांना सारख्याच जागा मिळाल्या.

या संघटनेने पहिलं काम घरांचं घेतलं नाही. कचऱ्याचं घेतलं. बेकायदा कचरा टाकणाऱ्यांविरुद्ध मोहीम उभारली आणि ते अड्डे बंद पाडले. लोकांना आपली ताकद कळली ती तिथे. १९८८मध्ये शहराने या संघटनेला वस्तीतल्या एका भागातल्या रिकाम्या खासगी जमिनी सक्तीने संपादन करण्याचा अधिकार दिला. सरकारी यंत्रणेकडे असणारा हा अधिकार रहिवाशांच्या संघटनेला मिळणं, ही अमेरिकेत तोवर न घडलेली गोष्ट होती. २३ पैकी ४ जागांवर समाधान मानलं असतं, तर तो मागायची हिंमत त्या मंडळाला झाली असती असं मला वाटत नाही.

घरांचा तुटवडा म्हटलं की सगळ्यांनी एकत्र यायला हवं, असं जो तो म्हणतो. पालिका, उद्योजक, धर्मसंस्था, बिल्डर, बँका, स्वयंसेवी संस्था अशी यादी तयार होते, फलक लागतो, उद्घाटनाला गर्दी जमते. दोन वर्षांनी पाहावं, तर बैठकीला पाच माणसं. निधी आटला, निवडणूक आली, अधिकाऱ्याची बदली झाली, अशी कारणं सांगितली जातात. ती खोटी नसतात. पण निधी आटल्यावर संस्था दुसरा प्रकल्प घेते, बदली झाल्यावर अधिकारी दुसऱ्या गावाला जातो, नफा दिसेना झाला की बिल्डर दुसरा भूखंड बघतो. आघाडीतल्या जवळपास प्रत्येकाला उठून जायची सोय असते. ती नसते फक्त एकाला: ज्याच्या पगारातला निम्मा हिस्सा भाड्यात जातो, ज्याचा करार अकरा महिन्यांनी संपतो, ज्याच्या एका खोलीत दोन कुटुंबं राहतात. त्याला प्रश्न सोडून कुठे जाता येत नाही. म्हणून आघाडीतलं बहुमत त्याच्या हाती असायला हवं. मी हे दयेपोटी म्हणत नाही, आघाडी टिकावी म्हणून म्हणतो आहे.

अशाच एका बैठकीत मी बसलो होतो. भिंतीवर रंगीत नकाशे, इमारतींची सुबक चित्रं. तास-दीड तास सादरीकरण चाललं. शेवटी दाराशी उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं, “डिपॉझिट किती भरावं लागेल?” उत्तर आलं, “ते आपण नंतर बघू.” त्या बाई पुन्हा दिसल्या नाहीत. सबंध बैठकीत कामाचा प्रश्न तेवढा एकच विचारला गेला होता. घर परवडेल की नाही हे अनामत, दरमहाचा देखभाल खर्च आणि कामाच्या ठिकाणापासूनचं अंतर यांवर ठरतं, आणि हे हिशेब ज्याला रोज करावे लागतात तोच ते पहिल्यांदा विचारतो. ‘परवडणारं’ या शब्दाची व्याख्या तज्ज्ञांनी केली की ती टक्क्यांत होते. अमेरिकेत सरकारी घरांचं भाडं कुटुंबाच्या उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर जाऊ नये असं १९६९मध्ये ठरलं, १९८१मध्ये ती मर्यादा ३० टक्क्यांवर नेली, आणि पुढे तोच आकडा जगभर मोजमाप होऊन बसला. ज्याचं उत्पन्नच तुटपुंजं आहे, त्याला ३० टक्के दिल्यावर उरलेल्यात महिना काढता येतो का, हे तो आकडा सांगत नाही.

बहुमत हाती आल्यावर करायचं पहिलं काम म्हणजे मोजणी, आणि ती स्वतः करायची.

याचं सगळ्यांत ठसठशीत उदाहरण मुंबईतलं आहे. जुलै १९८५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो हे न्यायालयाने मानलं. मात्र पदपथावरच्या झोपड्या हटवायची मोकळीकही पालिकेला मिळाली. पदपथावरच्या लोकांकडे तेव्हा स्वतःबद्दलचा एकही कागद नव्हता. सरकारी मोजणीत झोपडपट्ट्या धरल्या होत्या, पदपथ नव्हते. वर्षभरापूर्वी स्थापन झालेल्या ‘स्पार्क’ या संस्थेने त्या लोकांना बरोबर घेऊन सुमारे सहा हजार कुटुंबांची पाहणी केली. त्यातून दिसलं ते रूढ समजुतीच्या उलट होतं. हे लोक आज आले आणि उद्या गेले असे नव्हते, वर्षानुवर्षं त्याच जागी राहत होते. ते शहराच्या मध्यभागी राहत, कारण कामावर पायी जावं लागे; गाडीभाडं खिशात नव्हतं.

पुढे भायखळ्याच्या पदपथावरच्या बायकांनी ‘महिला मिलन’ उभी केली. जोकिन अर्पुथम यांच्या पुढाकारातून आलेला झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ १९७०च्या दशकापासून काम करत होताच. शिकलेल्यांची संस्था, वस्त्यांचा महासंघ आणि बचत करणाऱ्या बायका अशा तिघांची ही युती. कामाची वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. मोजणी, बचत आणि घराचा आराखडा वस्तीकडे. अर्ज, परवानग्या आणि सरकारदरबारी पाठपुरावा संस्थेकडे. बायकांनी घराचे खऱ्या मापाचे नमुने उभे करून लोकांना आत फिरवून दाखवले. छत उंच हवं आणि आत माळा हवा, म्हणजे खाली चूल-पाणी आणि वर झोपायची जागा होते, हे त्यांनी ठरवलं. कागदावर चौरस फूट तेवढेच राहिले, राहायला जागा जवळजवळ दीडपट झाली. आर्किटेक्टला हे सुचलं नसतं असं नाही, पण आठ माणसं एका खोलीत कशी निजतात हे त्या बायकांना कोणी सांगायची गरज नव्हती.

मोजणीचा आणखी एक फायदा क्वचितच कोणी बोलून दाखवतं. दारोदार जाऊन माणसं मोजताना आघाडीच बांधली जाते. ज्या घरात तुम्ही तासभर बसून प्रश्न विचारलेत, ते घर पुढच्या सभेला येतं.

पण गरजूंचं बहुमत म्हणजे गरजूंनी एकट्याने लढणं नव्हे. एकटं लढून घरं मिळाल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. इथे मला १९१५चं ग्लासगो आठवतं. पहिलं महायुद्ध पेटलं होतं. जहाजांच्या गोद्यांत आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगारांची रीघ लागली, खोल्या मिळेनात, आणि घरमालकांनी भाडी वाढवली. कित्येक घरांतले पुरुष रणभूमीवर होते. गोवन भागात मेरी बार्बर आणि तिच्या शेजारणींनी वाढीव भाडं द्यायचं नाही असं ठरवलं. खिडक्याखिडक्यांत तशा पाट्या लागल्या. जप्तीचे अधिकारी गल्लीत दिसले की एक बाई घंटा वाजवी, हातातलं काम टाकून बाकीच्या जिन्यात गोळा होत आणि अधिकाऱ्यांवर पिठाच्या पुरचुंड्या फेकत. नोव्हेंबरपर्यंत सुमारे वीस हजार भाडेकरू या बहिष्कारात उतरले.

तोवर सरकार हललं नव्हतं. घरमालकांनी काही कामगारांना कोर्टात खेचलं आणि १७ नोव्हेंबरला गोद्यांमधले आणि कारखान्यांमधले हजारो कामगार काम सोडून कोर्टावर चालून आले. युद्धाच्या ऐन मध्यात जहाजांचं काम थांबणं सरकारला परवडणारं नव्हतं. खटले मागे घेतले गेले आणि डिसेंबर संपायच्या आत भाडी युद्धापूर्वीच्या पातळीवर गोठवणारा कायदा झाला. लढा बायकांचा होता, मागणी त्यांची होती, जिन्यातली फळी त्यांनी धरली होती. कामगार संघटनांनी आपलं वजन त्यांच्या मागणीमागे उभं केलं. स्वतःची वेगळी मागणी पुढे रेटली नाही. मित्रपक्ष कसा असावा, हे याहून नीट दाखवणारी गोष्ट मला माहीत नाही. आणि भाडं गोठवून नवं घर उभं राहत नाही, हेही तिथल्या लोकांनी ओळखलं. युद्धानंतर १९१९च्या कायद्याने ब्रिटनमधल्या स्थानिक संस्थांवर घरं बांधायची जबाबदारी आली आणि तिच्यासाठी सरकारी अनुदान मिळालं, त्यामागे या भाडे-लढ्यांचा धाक होता.

मग आघाडीत कोणाला घ्यावं? ज्याच्याकडे जमीन आहे, पैसा आहे किंवा काम बंद पाडायची ताकद आहे, त्या प्रत्येकाला. फक्त कोणाकडून काय घ्यायचं आणि त्याला काय द्यायचं नाही, हे स्पष्ट हवं.

कारखाने आणि रुग्णालयं यांना कामगार जवळ राहायला हवे असतात, म्हणून ते पैसे द्यायला तयार होतात. पैसे जरूर घ्यावेत. किल्ल्या त्यांच्याकडे देऊ नयेत. शिकागोजवळ रेल्वेचे डबे बांधणाऱ्या पुलमन कंपनीने कामगारांसाठी अख्खं गावच वसवलं होतं. १८९३च्या मंदीत कंपनीने मजुरी कापली, घरभाडं मात्र तेवढंच ठेवलं. पगार आणि भाडं दोन्ही एकाच मालकाच्या हाती होतं. १८९४चा मोठा संप त्यातून पेटला. धर्मसंस्थांकडे जमीन असते, ठेवी असतात आणि लोकांचा विश्वास असतो. न्यूयॉर्कच्या पूर्व ब्रुकलिनमध्ये १९८०च्या दशकात चर्चच्या एका संघटनेने बिनव्याजी कर्जाचा निधी उभारला, शहराकडून ओसाड जमीन मिळवली आणि साध्या रांगेतली शेकडो घरं बांधली. त्यांनीही सुरुवात छोट्या कामांपासून केली होती. वस्तीतल्या गायब झालेल्या रस्त्यांच्या पाट्या पुन्हा लावून घेणं हे त्यांतलं एक. बिल्डरला सल्ल्यासाठी बोलवावं, कारण खर्च कुठे वाढतो हे त्याच्याइतकं कोणाला कळत नाही. मत देऊ नये. ज्याला कंत्राट मिळायचं आहे त्याने ते कोणाला द्यायचं हे ठरवू नये, एवढी साधी ती गोष्ट आहे.

सगळ्यांत अवघड पाहुणा म्हणजे शेजारी. ज्याचं स्वतःचं घर आहे आणि समोरच्या मोकळ्या जागेवर स्वस्त घरं होणार म्हणून जो अस्वस्थ आहे, तो. त्याला स्वार्थी ठरवून बाहेर ठेवायची घाई आपल्याला होते. मला ती चूक वाटते. त्याच्या बोलण्यात पूर्वग्रह असतो, नाही असं नाही, आणि तो असेल तिथे तोंडावर सांगावाच. पण त्याच बोलण्यात गटाराची, पाण्याच्या दाबाची, गाड्या लावायच्या जागेची, शाळेतल्या वर्गांची खरी काळजीही मिसळलेली असते. तिची उत्तरं देता येतात. बाहेर ठेवलेला शेजारी स्थगिती आणतो, आत बसलेला शेजारी गटाराची पाईप किती इंचाची हवी यावर भांडतो. दुसऱ्या भांडणातून निदान गटार तरी होतं.

आता त्या विषयाकडे येतो, ज्यावर बहुतेक आघाड्या मोडतात आणि ज्याची चर्चा बहुतेक आघाड्या शेवटपर्यंत टाळतात. घर स्वस्तात मिळालं, दहा वर्षांनी त्या भागाचे भाव वाढले, आणि मिळालेलं घर मालकाने बाजारभावाने विकलं. पुढे काय? अनुदान गेलं, जमीन गेली आणि परवडणारं घरही गेलं. सगळी धडपड एका पिढीतल्या काही कुटुंबांना लागलेल्या लॉटरीएवढीच उरते. त्या कुटुंबाला दोष देण्यात अर्थ नाही. वाढीव किंमत हातात असताना कोण सोडेल? चूक नियम न करणाऱ्यांची.

यावरचा एक उपाय मराठी वाचकाला ऐकताना ओळखीचा वाटेल. विनोबांनी १९५१मध्ये पोचमपल्लीत भूदान सुरू केलं. त्यातून पुढे ग्रामदानाची कल्पना आली: जमीन एकेकट्याच्या नावावर न राहता गावाच्या नावावर असावी. ही कल्पना तिकडे अमेरिकेत नागरी हक्कांच्या चळवळीतल्या काही मंडळींपर्यंत पोचली. जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय कुळांनी मतदार म्हणून नाव नोंदवलं की त्यांना जमिनीवरून हाकललं जाई. अशा कुटुंबांसाठी १९६९मध्ये ‘न्यू कम्युनिटीज’ नावाची संस्था निघाली आणि तिने पाच हजारांहून जास्त एकर जमीन घेतली. जमीन न्यासाची, वापर कुटुंबांचा. तिथून ‘सामुदायिक जमीन-न्यास’ हा प्रकार जन्मला. दुष्काळ पडला, वेळेवर कर्ज मिळालं नाही, आणि १९८५मध्ये ही जमीन हातची गेली. पतपुरवठा करणारा कोणी आघाडीत पहिल्यापासून का हवा, ते यातून कळतं.

कल्पना मात्र टिकली. १९८४मध्ये व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टन शहरात, बर्नी सँडर्स महापौर असताना, पालिकेने २ लाख डॉलर देऊन असा न्यास सुरू केला. जमीन न्यासाकडे राहते, त्यावरचं घर कुटुंब विकत घेतं. कुटुंब सोडून जाताना आपले भरलेले पैसे परत घेतं आणि वाढलेल्या किमतीतला चौथा हिस्साही घेतं. उरलेली वाढ घरातच राहते, म्हणजे पुढच्या कुटुंबाला ते घर स्वस्तात मिळतं. न्यासाच्या मंडळाचे तीन सारखे भाग: एक त्या घरांत राहणाऱ्यांचा, एक आसपासच्या लोकांचा, एक पालिका आणि जाणकारांचा. नाराज शेजाऱ्याची खुर्ची इथे मधल्या भागात आहे. राहणारे आणि आसपासचे मिळून दोन तृतीयांश होतात, हे मला यात विशेष आवडतं.

उरुग्वेने दुसरा मार्ग धरला. १९६८च्या गृहनिर्माण कायद्याने तिथे परस्पर-श्रमाच्या सहकारी संस्थांना सरकारी कर्ज मिळू लागलं. प्रत्येक कुटुंबाने बांधकामावर आठवड्याला २१ तास काम करायचं. घरं बांधून होईपर्यंत कोणतं घर कोणाचं हे बहुतेक ठिकाणी ठरवत नाहीत, म्हणून कोणी आपल्याच भिंतीला जास्त सिमेंट लावत नाही. मालकी संस्थेची, कुटुंबाला राहण्याचा कायमचा हक्क. पुढे लष्करी राजवटीने ही सामूहिक मालकी मोडून घरं व्यक्तिगत नावावर करायचा घाट घातला, तेव्हा या संस्थांच्या महासंघाने १९८४मधल्या एका रविवारी तीन लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या. त्या देशाची लोकसंख्या तेव्हा तीस लाखांच्या आसपास होती. लोक आपल्याला विकायला न येणाऱ्या घरासाठी हुकूमशाहीसमोर उभे राहिले, कारण ती भिंत त्यांनी स्वतः रचली होती.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे. घरं महाग आहेत ती कमी आहेत म्हणून. बांधकामावरचे जाचक नियम काढा, उंची वाढवू द्या, घरं वाढतील आणि भाव उतरतील. न्यास आणि सभा यांत वेळ कशाला दवडायचा? यातला पहिला भाग मला मान्य आहे. शहराच्या मोठ्या भागात एका भूखंडावर एकाच कुटुंबाचं घर असावं, असे नियम असतील तर तुटवडा होणारच. अमेरिकेतल्या मिनीॲपोलिस शहराने २०१८च्या आराखड्यात ते नियम काढायचं ठरवलं ते योग्यच केलं. आघाडीने अशा बदलांसाठी भांडायला हवं. पण नवी घरं उत्पन्नाच्या अगदी तळाशी असलेल्यांपर्यंत पोचायला फार वर्षं लागतात, आणि जमीन एकदा महाग झाली की परत स्वस्तात मिळत नाही. व्हिएन्नात पहिल्या महायुद्धानंतर बेघर लोकांनी शहराच्या कडेच्या जमिनी बळकावून, सहकारी संस्था काढून स्वतः घरं बांधायला घेतली, मोर्चे काढले. त्या रेट्यानंतर पालिकेने १९२३मध्ये गृहनिर्माण कर बसवला, त्यात महागड्या घरांना जास्त दर लावला आणि १९३४पर्यंत साठ हजारांवर घरं बांधली. ती घरं विकली नाहीत. आज त्या शहरातली जवळपास निम्मी माणसं पालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात, आणि खासगी बिल्डरही तिथे धंदा करतातच.

दुसरा आक्षेप वेळेचा. रहिवाशांचं बहुमत असलं की निर्णय रेंगाळतात, माणसं भांडतात, पुढारपणाची चढाओढ लागते. खरं आहे. डडली स्ट्रीटलाही पहिली घरं उभी राहायला कित्येक वर्षं लागली. पण झटपट निर्णय घेऊन बांधलेल्या आणि रिकाम्या पडलेल्या वसाहतीही आहेत: कामापासून दूर, पाण्याविना, लोकांनी वर्षभरात सोडून दिलेल्या. तिथे सभांचा वेळ वाचला होता.

म्हणून जिथे कुठे अशी आघाडी उभी करायचं मनात असेल, तिथे पहिली बैठक कामाची पाळी सुटल्यानंतरची ठेवा आणि मुलांना सांभाळायला दोन माणसं नेमा. मंडळाच्या जागांचा ठराव पाहुण्यांच्या भाषणांआधी घ्या, आणि घर पुढे कोणत्या भावाने विकता येईल याचा नियम पहिल्या निधीआधी. मतदान हात वर करून घेऊ नका, चिठ्ठीने घ्या. त्या सभागृहात भाडेकरूच्या दोन रांगा पुढे त्याचा घरमालकही बसलेला असतो.